गिरजाबाईंचा अभिप्राय

गिरजाबाईंनी आयुष्यात एकाही वस्तूला नावं ठेवली नाहीत. निदान आमच्या विभागाच्या कागदांवर तरी तसंच दिसतं. विभागातल्या हिरव्या लोखंडी कपाटात मागच्या सगळ्या बॅचची अभिप्राय-पत्रकं गठ्ठे बांधून ठेवलेली होती. खुरपणीचं यंत्र, बी टोकायचं यंत्र, डोक्यावर बसणारी छत्री, पाठीचा पट्टा, गुडघ्याला बांधायच्या गाद्या. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी पाच चेहरे छापलेले असत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. वस्तू वापरून पाहणाऱ्याने त्यातल्या एकावर खूण करायची. गिरजाबाईंची खूण कायम शेवटच्या, दात दाखवून हसणाऱ्या चेहऱ्यावर. खाली सही. अक्षरं एकमेकांशी भांडल्यासारखी सुटी सुटी: गि र जा बा ई.

मी सिन्नरची. परभणीला एम.टेक. करायला आले तेव्हा नव्या वस्तू कशा जन्माला घालायच्या हे शिकवणारे दोन विषय आम्हाला होते. पहिल्या सत्रात ‘नवकल्पना’, दुसऱ्यात ‘उत्पादन विकास’. पहिल्या विषयात आम्ही भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचो आणि कुणीतरी त्यांचे फोटो काढायचं. एका पूर्ण तासात आम्ही ‘शेतमजूर स्त्री’ नावाचं एक माणूस तयार केलं होतं. तिचं वय, तिच्या अडचणी, तिची स्वप्नं. माझ्या गटाने तिला ‘सुनीता’ असं नाव दिलं होतं. वर्गात एकालाही त्याचं हसू आलं नाही.

साबळे सर दोन्ही विषय शिकवायचे. हुशार माणूस, पण सदा घाईत. एका हातात खडू, दुसऱ्या हातात मोटारसायकलची किल्ली. “वापरणाऱ्याला विचारा,” एवढं एक वाक्य ते प्रत्येक तासाला म्हणायचे. वापरणारा कुठे भेटेल, हे मात्र ठरलेलं होतं. ताडकळसच्या अलीकडे फाट्यावर एसटी थांबते असं एक गाव होतं आणि त्या गावात कशालाच नाही न म्हणणाऱ्या गिरजाबाई होत्या. वर्षानुवर्षं विद्यार्थी तिथेच जात.

मी कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी दोन वस्तू केल्या होत्या. एक, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटू नयेत म्हणून पातळ मोजे. दुसरी, कापसाचं ओझं मानेवर न येता कमरेवर यावं अशी पट्ट्यांची पिशवी. दिवाळीच्या आधीची वेचणी सुरू झाली तेव्हा ते घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले.

दोन खोल्या, वर पत्रे, पुढे सारवलेलं अंगण. सकाळचे आठ वाजले असतील. आत गिरजाबाई पाट टाकून बसल्या होत्या. कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग आणि नजर त्याच्यावर. मी हाक मारली. त्यांनी उजव्या हाताने नुसतं ‘थांब’ म्हणून सांगितलं. पुढे मला कळलं की दिवसातून तेवढ्या वेळातच त्या कुणाशी बोलत नसत. बाकीच्या वेळात बोलायला कुणी नसे.

पूजा आटोपून त्या बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

“जेवलीस का?”

“नाष्टा केलाय, मावशी.”

“नाष्टा मंजी काय जेवन न्हाई. बस.”

ज्वारीची भाकर आणि येसराची आमटी. मी वाटी संपवायच्या आधी त्या पुन्हा वाढायच्या. “खा माय. एका माणसाची आमटी होत न्हाई. पातळ तरी होती, न्हाई तर उरती.”

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा चाकणला कारखान्यात. मुलगी जिंतूरकडे दिलेली, तिच्या पदरात तीन लेकरं. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मग तासभर माझीच चौकशी केली. सिन्नरला पाणी कसं, आई काय करते, वसतिगृहात भाकरी मिळते की चपाती, खोलीत बरोबर कोण राहतं. मला आधी वाटलं की चौकस स्वभाव असेल. नंतर लक्षात आलं, त्या ही उत्तरं पाठ करत होत्या. पुढच्या वेळी गेले तर म्हणाल्या, “तुज्या आईचा गुडगा कसा हाय?” ते आपणच त्यांना सांगितलं होतं हे मी विसरले होते.

आमच्या पत्रकात चौदा प्रश्न होते. विद्यार्थी ते दहा मिनिटांत भरून टाकत. गिरजाबाई तसं करू देत नसत. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावत, दोनदा. मग जरा विचार करून गंभीरपणे सांगत, “लय चांगलं हाय.” चौदावा झाला की विचारत, “संपले?”

“संपले.”

“लय लवकर संपत्यात.”

दुसऱ्या खेपेला पाऊस भुरभुरायला लागला म्हणून त्यांनी माझ्या पिशव्या आतल्या खोलीत ठेवायला सांगितल्या. तिथे भिंतीला दोरी बांधून आमच्या विभागाचा सगळा इतिहास टांगलेला होता. मी कपाटातल्या पत्रकांवर वाचलेलं प्रत्येक यंत्र तिथे होतं. पुसलेलं, धूळ नसलेलं. आणि न वापरलेलं. टोकणयंत्राच्या दात्यांवरचा रंगही उडाला नव्हता. त्या सगळ्यातली एकच गोष्ट रोजच्या वापरात होती: एका मुलाने ज्यात गुंडाळून यंत्र आणलं होतं ते गोणपाट. ते दारात पाय पुसायला घातलेलं होतं.

“हे आकाशचं,” गिरजाबाई एकेक दाखवू लागल्या. “लय हसरा. हे त्या लातूरच्या चष्मेवाल्या पोरीचं. तिला खोकला व्हता, मी आडुळशाचा काढा देलता. हे दोगांनी मिळून केल्यालं, पन त्यायचं आपसात पटत नव्हतं.” मग माझ्याकडे वळून, “पास झाले का गं हे समदे?”

यांतलं कुणीच मला माहीत नव्हतं. “झाले असतील,” मी म्हटलं.

“असतील,” त्या म्हणाल्या आणि छत्रीची दोरी सरळ केली.

चाचणी आठ दिवसांची होती. पहिल्या दिवशी मोजे न घालता तासाला किती कापूस वेचला जातो ते मोजायचं, मग मोज्यांसह. मी एक दिवसाआड जायचे. उरलेल्या दिवसांचं वजन त्या स्वतः करून ठेवायच्या. आकडे इतके सुंदर येत होते की मला झोप लागेना. मोजे घातल्यापासून वेचणी जवळजवळ दुप्पट! साबळे सरांनी आलेख पाहिला आणि पहिल्यांदाच किल्ली खिशात ठेवून खुर्चीवर बसले. “यावर पेपर होतो,” ते म्हणाले.

चौथ्या खेपेला नोंदी घेऊन मी फाट्यावर आले. एसटी समोरून न थांबता गेली. दुसरी दीड तासाने होती. उन्हात उभं राहण्यापेक्षा मावशींकडे जाऊन बसावं म्हणून मी शेताच्या वाटेने परत फिरले.

त्या पाठमोऱ्या होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझे मोजे नीट घडी करून ठेवलेले, वर वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड. पिशवी बाभळीच्या फांदीला टांगलेली. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून गिरजाबाई उघड्या हातांनी कापूस वेचत होत्या. मी तसं वेचणं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात दोन वेगळ्या झाडांवर, नजर तिसऱ्यावर. बोटं बोंडाला लागली न लागली की कापूस ओटीत. माझ्यासमोर त्यांनी कधीच असं वेचलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर मुळीच नाही.

मी हाक मारली तेव्हा त्यांनी आधी हात पाठीमागे लपवले.

“घाम आलता माय, म्हून काडले जरासक.”

“मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही मुद्दाम हळू वेचलं?”

त्या धुऱ्याकडे वळून मोज्यांवरचा दगड सारखा करू लागल्या.

“सांगा ना.”

“जरासक हळू,” त्या म्हणाल्या. “तुजं मोजं चांगलं दिसावं म्हून.”

मला संताप आला. दोन महिन्यांची मेहनत, आलेख, सरांचा पेपर. मी बरंच बोलले. शहाण्या मुलींना शोभणारं नव्हतं ते. तुम्ही आम्हाला फसवलंत, असंही म्हणाले. त्या खाली मान घालून ऐकत होत्या आणि ओटीतल्या कापसातला पालापाचोळा निवडून काढत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या,

“एका पोराला खरं सांगितलं व्हतं. पैल्यांदा. ते खुरपायचं चाकाचं आनलं व्हतं त्यानं. मी मनलं, बाबा, यानं पाठ मोडती. त्यानं वहीत लिवून घेतलं, तवा तुमचे चेहऱ्याचे कागद नव्हते. च्या पिला. मंग गेला. परत आलाच न्हाई.” एक वाळकं पान बाजूला टाकून त्या म्हणाल्या, “इतकं वरीस झालं. मला वाटतंय, माज्या तोंडानं त्याचं वाटूळं झालं. नापास केलं आसंल त्याला.”

“म्हणून तुम्ही सगळ्यांना चांगलं म्हणत आलात?”

“काय बिगडतंय गं? लेकरं लांबून येतेत. चार दिस घरात बोलनं व्हतंय.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. मी त्या वेळी ते ऐकूनही घेतलं नाही. माझ्या डोक्यात आलेख होता.

सरांना सांगायला मला तीन दिवस लागले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, हिरव्या कपाटाकडे गेले आणि एक गठ्ठा सोडून चाळत राहिले. हसरे चेहरे, हसरे चेहरे. “मी तिथं शेवटचा कधी गेलो, मलाच आठवत नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

सर अंगणात दिसताच गिरजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि सरांनी काही बोलायच्या आत हात जोडले.

“सर, पोरीला नापास करू नगा. चूक माजी हाय. मोजं चांगलंच हाय, मलाच वापरता येत न्हाई.”

सर कधी कुणाच्या घरी बसत नसत. त्या दिवशी ते अंगणात मांडी घालून बसले. “मावशी,” ते म्हणाले, “चांगलं म्हटल्यानं कुणी पास होत नाही आणि वाईट म्हटल्यानं कुणी नापास होत नाही. आम्हाला खरं पाहिजे असतं. त्या चाकवाल्या मुलाला मी ओळखतो. चांगला पास झालाय तो. नोकरीला आहे.”

“पास झाला?”

“झाला.”

गिरजाबाईंनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावला. आणि मग एकदम चिडून म्हणाल्या, “मंग आदी सांगायचं की! इतके वर्सं मी खोटं कामून बोलले?”

त्या सकाळी गिरजाबाईंनी आम्हाला जे शिकवलं ते दोन सत्रांत कुणी शिकवलं नव्हतं. आतल्या खोलीतली एकेक वस्तू दोरीवरून काढून त्यांनी अंगणात मांडली. छत्री: “वारा आला की मान वडती.” पाठीचा पट्टा: “उबं ऱ्हायाला ब्येस. आमी उबं कदी ऱ्हातो?” गुडघ्याच्या गाद्या: “चिकलात दोन शेर माती घिऊन चालावं लागतंय.” सर लिहीत होते, मीही लिहीत होते. मग माझे मोजे आले. त्यांनी ते हातात घालून दाखवले.

“हे बग. कापूस बोटाला कळतो. वला हाय का वाळला, आत किडा हाय का, बोंड पिकलं का आजून कवळं हाय. डोळे तर पुडच्या झाडावर आसतेत. बोटं झाकली की मी आंदळी झाले.”

“पण बोटं फाटतात ना, मावशी?”

“फाटतेत. राती तेल लावते. पन आंदळं व्हन्यापरीस बरं.”

पिशवीबद्दल मात्र त्या अडखळल्या. सरांकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “बाईमानसाला मदी आडोशाला जावं लागतंय. ह्याच्या धा बकला सोडायच्या कवा आन् परत बांदायच्या कवा? म्हून पानी पित न्हाईत बाया. दिसभर.”

मी ते वहीत शब्दाला शब्द लिहिलं. आम्ही भिंतीवर चिठ्ठ्या लावून सुनीताची स्वप्नं लिहिली होती. तिने दिवसभर पाणी का प्यायलं नाही हे आमच्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

मोजे मी सोडून दिले. पिशवी एका ओढीत सुटेल अशी नव्याने केली. ती गिरजाबाईंनी शेवटच्या वेचणीला खरोखर वापरली. मी शेजारच्या शेतातून लपून खात्री करून घेतली, आणि त्यांना ते कळलं, आणि त्या हसल्या. प्रबंधात मी सगळं लिहिलं. पहिल्या चाचणीचे आकडे चुकीचे का होते तेही. बाहेरून आलेल्या परीक्षकांना अर्धा प्रबंध फसलेल्या प्रयोगाचा का, हे काही पटलं नाही. गुण बेताचे मिळाले. पास झाले.

शेवटच्या प्रकरणात शिफारशी लिहायच्या असतात. मी लिहिलं: ‘एकाच वापरकर्त्यावर वारंवार चाचणी घेतल्यास निष्कर्ष दूषित होतात. दर वेळी वेगळे गाव व वेगळे वापरकर्ते निवडावेत.’ सरांना ते पटलं. विभागाने पुढच्या वर्षीपासून तसं ठरवूनही टाकलं: एक बॅच जिंतूरकडे, एक सोनपेठकडे. आपली शिफारस कुणीतरी अमलात आणली याचा मला अभिमान वाटला होता. नाशिकच्या नोकरीच्या मुलाखतीत मी ते सांगितलंही.

गिरजाबाईंकडे मुलाने दिलेला बटणांचा फोन होता. मी आधी दर रविवारी फोन करायचे. त्या आईच्या गुडघ्यापासून सुरुवात करायच्या. मग महिन्यातून एकदा झालं. मग सणाला. मग मी ठरवायचे आणि राहून जायचं.

पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला परभणीला गेले तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्णा स्टेशनवरून होती, म्हणून सकाळीच एसटीने निघून वाटेत फाट्यावर उतरले. गिरजाबाई अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अंगाने वाळल्या होत्या. मला पाहिलं, ओळखलं, पण उठल्या नाहीत. आधी शेजारी माझ्यासाठी जागा झाडली.

“कोनी येत न्हाई आता,” त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. “पैल्या वर्सी वाटलं, परीक्षा आसंल. दुसऱ्या वर्सीबी न्हाई. अश्वनी, माजं कुटं चुकलं का गं? जास्ती खरं बोलले का मी?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. एकाच माणसाला विचारत राहिलं तर कसं चुकतं, वेगवेगळ्या गावांतल्या बायकांना वेगवेगळ्या अडचणी कशा असतात. शेवटी हेही सांगितलं की ते मीच लिहिलं होतं. सांगताना माझा आवाज वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा येत होता.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. सोललेले दाणे सुपात एकसारखे केले.

“बरुबर हाय,” त्या म्हणाल्या. “एकाच बाईचं ऐकून कसं चालंल? जिंतूरच्या बायाचं दुखनं मला काय ठावं?”

मला वाटलं त्या रागावतील, निदान रुसतील. त्यांनी खरंच विचार केला होता आणि त्यांना खरंच पटलं होतं.

मी उठले तेव्हा त्यांनीही चप्पल घातली. त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. लसूण संपला होता म्हणे. आम्ही एकाच एसटीत बसलो, एकाच बाकावर. त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला आणि वाटेतली शेतं कुणाकुणाची ते सांगत राहिल्या. ताडकळसला बस थांबली. “येते माय,” म्हणून त्या उतरल्या. मला उतरू दिलं नाही. “तुजी रेल्वे जाईल.”

बस बराच वेळ तिथेच उभी होती, माणसं चढत होती. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. एका लसूणवाल्यासमोर त्या वाकल्या, एक गड्डा उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि त्याला काहीतरी सांगायला लागल्या. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत होता. मग तिसऱ्याचं. गिरजाबाई सांगतच होत्या, हात हलवून, मध्येच स्वतःशी हसून. त्याने वर पाहिलं नाही. कंडक्टरने घंटा दिली. बस वळली तेव्हा त्यांनी गड्डा खाली ठेवला होता आणि त्या शेजारच्या भाजीवालीच्या पाटीसमोर वाकत होत्या.